जुन्या पेट्रोल पंपावरच्या वस्तूंची पारख : नौपाड्यातील एका दुकानाचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला गोखले रस्त्यावरून आत जाणाऱ्या एका गल्लीत, दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या वस्तूंचे एक लहानसे दुकान आहे. तेथे जुने पंखे, बरण्या, लंबकाची घड्याळे अशी नेहमीची विक्री चालतेच. पण दुकानाचे मालक पेट्रोल पंपावरच्या जुन्या वस्तू ओळखून त्यांचे मूल्यांकनही करून देतात आणि हे परीक्षण फक्त त्या कामाचे आहे. आपले नाव व पत्ता कोठे छापला जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे दिलेले नाहीत. नौपाड्यात जुन्या वस्तूंच्या कोणत्याही दुकानात चौकशी केली, तरी लोक त्यांच्याकडेच पाठवतात; मलाही तसेच पाठवले होते.

माझे सासरे, अप्पा, १९६८ पासून जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका पंपावर कामाला होते. तेव्हा तो पंप बर्मा-शेल या तेल कंपनीचा होता. नव्या कंपनीचे बोर्ड आले तेव्हा जुने उतरवून मागच्या बाजूला टाकले गेले आणि त्यातली एक पाटी पंपाच्या मालकांना विचारून अप्पांनी सायकलला बांधून घरी आणली. खारेगावच्या घरी ती बरीच वर्षे पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होती, नंतर माळ्यावर गेली. यंदा घराची डागडुजी करताना माळा उतरवला, तेव्हा त्या पाटीबरोबर दराची एक छोटी पाटी, एक पितळी माप आणि तेलाचे काही डबे निघाले. भंगारवाला वजनावर घेऊन जायला दारात उभा होता. अप्पांनी त्याला परत पाठवले आणि आधी या वस्तू काय आहेत ते नीट कळू दे, असे मला सांगितले. त्यांच्यासोबत मी नौपाड्याला चार वेळा गेले.

पहिल्याच भेटीत मालकांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. त्यांचे शुल्क वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. ओळख पटवण्याचे नगामागे ५०० रुपये आणि लेखी मूल्यांकन हवे असेल तर सगळ्या वस्तूंचे मिळून १५०० रुपये. शिवाय ज्या वस्तूचे मूल्यांकन ते स्वतः करतात, ती ते विकत घेत नाहीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात किंमत सांगणारा आणि घेणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो आणि विकणाऱ्याचे नुकसान नेमके तेथेच होते. त्यामुळे हा एकच नियम मला त्यांच्या बाकीच्या सगळ्या कौशल्याहून मोलाचा वाटतो.

मोठ्या पाटीपासून सुरुवात झाली. पिवळा शिंपला आणि लाल अक्षरे असलेली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली एनॅमलची पाटी. मालकांनी ती टेबलावर जाड कापडावर आडवी ठेवली आणि तोंडाने काही न बोलता अप्पांचा हात धरून त्यांचे नख पिवळ्या रंगावरून लाल अक्षराकडे फिरवले. अक्षराच्या कडेला नख अडकले. मग त्यांनी कारण सांगितले. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काचेची भुकटी असते. प्रत्येक रंगाचा थर वेगळा लावायचा आणि पत्रा दर वेळी सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायचा. त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग पायरीसारखा चढलेला असतो आणि ती पायरी बोटाला लागते. हल्लीच्या नकली पाट्या पातळ पत्र्यावर छापलेल्या असतात. त्यांच्यावर नख सरळ घसरत जाते आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात.

त्यानंतर त्यांनी टवके पाहिले. आमच्या पाटीला एका बाजूने बरेच टवके उडालेले आहेत आणि इतके दिवस मला तो दोषच वाटत होता. भिंगातून दाखवल्यावर दिसले की प्रत्येक टवक्याच्या काठाला रंगाखाली निळसर काळ्या रंगाची एक बारीक रेघ आहे. तो सर्वांत खालचा थर. लोखंडाला काच घट्ट धरावी म्हणून त्यात कोबाल्टचा अंश घालतात, त्यामुळे तो असा गडद होतो. त्याच्या आत उघड्या पडलेल्या पत्र्यावरचा गंज काळपट तपकिरी आणि कडक होता. बोट घासले तरी बोटाला लागला नाही. आम्ल टाकून मुद्दाम आणलेला गंज नारिंगी आणि भुसभुशीत असतो आणि पुसला की रुमालावर उतरतो. शेजारच्या कपाटातून त्यांनी तसा एक पत्रा काढला आणि पांढऱ्या फडक्याने आमच्यासमोर पुसून दाखवला.

मालक सर्वांत जास्त वेळ खिळ्यांच्या भोकांपाशी थांबले. पाटी स्क्रूने घट्ट आवळली की पत्रा किंचित वाकतो, पण काच वाकत नाही, म्हणून भोकांभोवती गोल टवके उडतात. आमच्या पाटीच्या चारही भोकांभोवती तसे टवके होते आणि दोन भोकांत पितळी चकत्या अजून शाबूत होत्या. खूप जुनी म्हणून दाखवलेल्या पाटीची भोके स्वच्छ आणि धारदार असतील, तर ती कधी कोठे लागलेलीच नव्हती, असे ते म्हणाले. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून काढलेल्या वर्षांनी मात्र एका बाजूची चकाकी घालवली होती. ‘वहिनी, ही बाजू कोणी चिंचेने घासली का?’ त्यांनी मला विचारले. घासली होती, सासूबाईंनी दिवाळीच्या दिवसांत एक-दोनदा. चिंच, लिंबू किंवा फरशीचे अ‍ॅसिड काचेची झळाळी खाऊन टाकते आणि गेलेली झळाळी परत येत नाही. एनॅमलला फक्त साधा साबण, कोमट पाणी आणि मऊ फडके लावायचे.

वस्तू खरी आहे हे ठरले की मग ती केव्हाची, हा प्रश्न येतो आणि भारतातल्या वस्तूंसाठी त्याचे उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्या नावातच असते. हा भाग मालकांनी विशेष आवडीने समजावला. बर्मा-शेल हा भारतातला व्यवसाय १९२८ मध्ये उभा राहिला. २४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने तो ताब्यात घेतला. कंपनीचे नाव आधी भारत रिफायनरीज झाले आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम. म्हणजे आमच्या पाटीला दोन टोके मिळाली. स्टॅन्डर्ड व्हॅक्यूम, म्हणजे लोकांच्या तोंडातली स्टॅनव्हॅक, १९६२ मध्ये संपली आणि तिच्या जागी एस्सो आली. एस्सोचा भारतातला व्यवसाय १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये गेला. त्यामुळे भारतातल्या पंपावरची म्हणून दाखवलेली एस्सोची पाटी जेमतेम बारा वर्षांच्या काळातली असू शकते. ती १९४० ची आहे असे कोणी सांगितले, तर तो चुकतो आहे किंवा फसवतो आहे. कॅलटेक्स १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. इंडियन ऑइलची सुरुवात १९५९ ची आणि तिला कॉर्पोरेशन हे नाव मिळाले १९६४ मध्ये. ट्रॉम्बेच्या दोन रिफायनऱ्या, स्टॅनव्हॅकची १९५४ ची आणि बर्मा-शेलची १९५५ ची, येथून काही मैलांवर. ठाण्यातल्या अनेक घरांतून तेथे नोकरीला माणसे जात होती, म्हणून येथल्या माळ्यांवर अशा वस्तू अजूनही निघतात, असे मालकांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

आमच्या दराच्या छोट्या पाटीने तर मला अक्षरशः खिळवून ठेवले. हातभर लांबीची पाटी, आकड्यांच्या पट्ट्या सरकवायला खाचा आणि वर तीन शब्द : लिटर, रु., न.पै. मी ती इतकी वर्षे माळ्यावर पाहिली होती आणि तिच्यावर तारीख लिहिलेली आहे हे कधी ध्यानात आले नव्हते. रुपयाचे शंभर नये पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजी. ‘नये’ हा शब्द वगळला गेला १ जून १९६४ रोजी. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने १९६२ पर्यंत पुरी झाली. गॅलन जाऊन लिटर आलेले, पण ‘नये’ अजून गेलेले नाही, असा हा थोड्याच वर्षांचा काळ आहे. ही पाटी अप्पा नोकरीला लागण्यापूर्वीची निघाली आणि तेव्हा अप्पांना आठवले की ती त्यांनी आणलेलीच नव्हती. पंपावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निवृत्त होताना त्यांना दिली होती. मूल्यांकनाच्या कागदावर मालकांनी ही हकीकत अप्पांच्या शब्दांत लिहून घेतली आणि खाली त्यांची सही घेतली. वस्तू कोठून कोणाच्या हातून आली हे लिहिलेले असेल, तर संग्राहक तिला वेगळा भाव देतो.

पितळी मापाची परीक्षा तर डोळ्यांसमोरच झाली. निमुळत्या मानेचे, कडीचे भांडे. मानेवर इंग्रजीत एक गॅलन असे कोरलेले. कळव्यातल्या एका व्यापाऱ्याने ते अमेरिकन आहे असे सांगून आम्हाला भलताच भाव सांगितला होता. मालकांनी मोरीतून बादली आणली, लिटरचे माप घेतले आणि पाणी ओतायला सुरुवात केली. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, म्हणजे चौथे माप पुरते ओतण्याआधीच पाणी वाहायला हवे होते. चार मापे गेली, वर अर्धा लिटर गेला आणि मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी आणायला आणखी थोडेसे घालावे लागले. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, आणि आपल्याकडे चालत होता तो हाच. एवढ्या साध्या परीक्षेने प्रश्न मिटला. मापाच्या कडेवर शिशाच्या ठिपक्यांत वजनमापे खात्याचे ठसे आहेत. त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि ठशांची नक्कल कागदावर उतरवून घेतली.

डब्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांत मोलाचे फार नव्हते. एका डब्यावर कॅस्ट्रॉलबरोबर इंड्रोल हे नाव होते. कॅस्ट्रॉलची भारतातली कंपनी १९७९ मध्ये इंड्रोल या नावाने सुरू झाली आणि १९९० मध्ये कॅस्ट्रॉल इंडिया झाली, म्हणून डबा त्या अकरा वर्षांतला. दुसऱ्या, बर्मा-शेलच्या डब्यावर मुंबईच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड होता. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी आणि १९७६ च्या जानेवारीत कंपनीच गेली. त्यामुळे साडेतीन वर्षांचाच काळ उरतो. छापून ठेवलेले जुने पत्रे कारखाने पुढेही वापरत असल्यामुळे शेवटची तारीख थोडी सैल धरावी, हेही मालकांनी लगेच सांगितले. उरलेले डबे गंजून तळाला झिरपत होते, त्यांना त्यांनी भंगाराचाच भाव लावला आणि त्यांचे शुल्क घेतले नाही.

आता एक दुःखाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांना पूर्वी पंपावर बसवत तसा शिंपल्याच्या आकाराचा पांढरा काचेचा गोळा भेट दिला होता. एका विक्रेत्याकडून तो १८,००० रुपयांना घेतला आणि मुंबईतल्या बर्मा-शेलच्या पंपावरून उतरवलेला आहे, असे त्याने शपथेवर सांगितले होते. मालकांनी तो उलटा करून तळ पाहिला आणि बराच वेळ गप्प राहिले. इंग्लंडातल्या पंपांवर असे गोळे असत. तेथे १९३२ पासून शेल-मेक्स अँड बी.पी. ही कंपनी पेट्रोल विकत होती आणि तिच्या गोळ्यांच्या तळाशी ही कंपनीची मालमत्ता आहे, मागताच परत करावी, अशा अर्थाची इंग्रजी ओळ भाजलेल्या अक्षरांत असे. आमच्या गोळ्यावर तीच ओळ होती, म्हणजे तो मुंबईच्या पंपावरचा असल्याचा दावा तेथेच कोसळला. पण ओळही खरी नव्हती. अक्षरे काचेत भाजलेली नसून वरून छापलेली होती आणि मालकांनी थिनरचा बोळा कोपऱ्यातल्या एका अक्षराला लावताच ते निघून आले. पंपाच्या लोखंडी कड्यात वर्षानुवर्षे बसलेल्या काचेच्या तळाला बारीक चरे आणि गंजाचा डाग असतो. हा तळ गुळगुळीत होता. गोळा अलीकडचा आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आले, पण अप्पा म्हणाले, ‘आपल्याला तो आवडतो, तो राहू दे.’ मालकांनी हे सगळे अत्यंत हळुवारपणे सांगितले, विक्रेत्याबद्दल वावगा शब्द उच्चारला नाही आणि त्या वस्तूचेही शुल्क घेतले नाही.

मूल्यांकनाचा कागद दोन पानांचा आहे. त्यात प्रत्येक वस्तूला एकच किंमत न लिहिता तीन लिहिल्या आहेत : व्यापारी आज रोख देईल ती, संग्राहक घाई न करता देईल ती, आणि घरातल्या वस्तूंचा विमा उतरवायचा असेल तर धरावी ती. मोठ्या पाटीला त्यांनी व्यापाऱ्याकडून १४ ते १६ हजार आणि संग्राहकाकडून २५ हजारांच्या आसपास, असे लिहिले. दोन्ही बाजू चकचकीत असत्या तर हा आकडा बराच वर गेला असता. दराच्या छोट्या पाटीला त्यांनी तिच्या आकाराच्या मानाने चांगला भाव लावला, कारण मराठी-हिंदी वाचकाला कळेल अशा देवनागरी अक्षरांतल्या पाट्या इंग्रजी पाट्यांपेक्षा कमी आढळतात आणि येथला संग्राहक त्या शोधत असतो. परदेशातल्या लिलावांचे आकडे पाहून कोणी स्वप्ने रंगवू नयेत, हे त्यांनी निक्षून सांगितले. अमेरिकेतल्या पंपाची वस्तू तेथल्या माणसाच्या बालपणाशी जोडलेली असते आणि तेथली किंमत त्या आठवणीला मिळते. मुंब्र्याच्या वळणावरच्या पंपाची आठवण असलेला गिऱ्हाईक येथेच मिळणार. पाटीचे टवके रंगवून भरून घ्यावेत का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी हात जोडले. रंग भरलेल्या पाटीचा खरेपणा पुन्हा सिद्ध करावा लागतो आणि किंमत उतरते.

कायद्याबद्दलही मला धास्ती होती. पुरावशेष आणि कलावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेषांत मोडतात आणि त्या देशाबाहेर नेण्याला बंदी आहे. आमच्या वस्तू त्या वयाच्या नाहीत, त्यामुळे घरात ठेवायला किंवा विकायला अडचण नाही, एवढे त्यांनी कागदावर लिहून दिले.

तक्रारीही आहेत आणि त्या सांगणे योग्य होईल. लेखी कागद आठवड्यात देतो असे सांगून प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. मापावरचे ठसे वाचायला वेळ लागला हे खरे असले, तरी एक फोन करता आला असता. वस्तूंचे फोटो कागदाला जोडलेले नाहीत, ते विम्यासाठी लागतात आणि मला स्वतः काढून जोडावे लागले. पंपावरचे जुने कागद, रस्त्यांचे नकाशे, पावत्या, परवाने यांची जाण त्यांना पत्र्याइतकी नाही. अप्पांकडच्या एका जुन्या नकाशाबद्दल त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर विचारावे असे सुचवले आणि तेथे खरेच अधिक माहिती मिळाली. दुकान अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत आणि वयस्क माणसाला बसायला एकच स्टूल आहे. मोठी पाटी घेऊन जाणाऱ्यांनी रिक्षाने जावे, कारण त्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. शनिवारी दुपारनंतर आधी फोन करून गेल्यास ते पुरेसा वेळ देतात. इतर दिवशी दुकानातल्या गिऱ्हाइकांमध्ये त्यांचे लक्ष विभागले जाते.

अप्पांनी काहीही विकायचे नाही असे ठरवले आहे. माप आणि दराची पाटी काचेच्या कपाटात गेली. मोठी पाटी मागच्या रविवारी जिन्याजवळच्या भिंतीवर लावली, चकाकणारी बाजू बाहेर. मालकांनी सांगितले होते त्याप्रमाणे जुनीच चार भोके वापरली, पितळी स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या आणि स्क्रू पुरते आवळले नाहीत. पाटी हाताने थोडी हलते. शिडी धरून उभे असलेले अप्पा दर स्क्रूला म्हणत होते, ‘बास, आता पुढे फिरवू नकोस.’